कोणाच्या स्मरणार्थ?

आमच्या भागातल्या शाळांचा इतिहास वाचायचा असेल तर मान वर करावी लागते. तो छताच्या पंख्यांवर लिहिलेला असतो. एका पात्यावर ‘कै. अमुक पाटील यांच्या स्मरणार्थ’, दुसऱ्यावर देणाऱ्या चिरंजीवांचं नाव आणि गाव, तिसऱ्यावर ‘सप्रेम भेट’ आणि तारीख. पंखा फिरायला लागला की कैलासवासी, चिरंजीव आणि तारीख यांची मिळून एक तांबडी रेघ होते; कोण गेलं आणि कोण मागे राहिलं, काही कळत नाही. पण पंखा फिरण्याचे प्रसंग आमच्याकडे मोजकेच. भारनियमनाच्या भरात तर ही पाती दिवसभर निवांत वाचायला मिळत. त्या पंख्यांनी वारा बेताचाच घातला, पण देणगीदारांची नावं मात्र पिढ्यान्‌पिढ्या पाठ करून घेतली. सतराचा पाढा विसरलेला माणूसही सातवी ‘ब’च्या पंख्यावर कोण आहे ते झोपेत सांगतो.

तीच गत लोखंडी कपाटाची, पाण्याच्या टाकीची आणि मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या घड्याळाची. घड्याळ कधीचं बंद पडलं आहे, खालचं नाव चालू आहे.

ही सगळी नावं ओळीनं वाचली की एक गोष्ट ध्यानात येते. देणारे सगळे पुरुष. बाईचं नाव पंख्यावर येतच नाही असं नाही. पण त्यासाठी तिला आधी कैलासवासी व्हावं लागतं. ‘कै. सौ.’ झाल्याशिवाय पात्यावर जागा नाही. त्यामुळे एका हयात बाईनं, स्वतःच्या कमाईतून, स्वतःच्या मनानं गावातल्या शाळेला काही द्यायचं ठरवलं तेव्हा दिघोरीत जो गोंधळ उडाला, तो लिहून ठेवण्यासारखा आहे.

दिघोरी म्हणजे आमची. तालुका लाखांदूर, जिल्हा भंडारा. हे आधी सांगून टाकावं लागतं, कारण नागपुरात उमरेड रोडवर दिघोरी नाका आहे आणि नुसतं ‘दिघोरी’ म्हटलं की ऐकणारा तिकडच्या प्लॉटांचे भाव विचारायला लागतो. सरकारी कागदावर आमच्या गावाला ‘दिघोरी (मोठी)’ म्हणतात. मोठी कशाच्या मानानं, हे विचारू नये. कंसात का होईना, मोठेपणा मिळाला आहे तर तो जपावा. भोवती धानाच्या बांध्या, दिवाळी झाली की मंडईची जत्रा, मग बैलांच्या शर्यतींचा शंकरपट आणि रात्रभर नाटक. झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचं माहेर असलेलं वडसा इथून जवळच. त्यामुळे माईक दिसला की त्याच्यासमोर उभं राहावंसं वाटणं हा इथं अवगुण समजला जात नाही.

देणगी देणारी ही ताई आमच्या पोस्टमास्तरांची धाकटी. सातवीपर्यंत दिघोरीत आमच्याच वर्गात होती. वडिलांची बदली झाली आणि ती नागपुरात एका मिशनच्या शाळेत, सिस्टरांच्या देखरेखीखाली दाखल झाली. तिथून मॅट्रिक, मग कॉलेज, मग पुण्याला मोठा हुद्दा. मधे केव्हातरी लग्न झालं, आडनाव बदललं, आणि ती गावाच्या हिशेबातून वजा झाली.

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सकाळी ‘सुप्रभात’, रात्री ‘शुभ रात्री’ आणि मधल्या वेळेत धानाच्या बोनसची बातमी. पण ग्रुपात सगळे पोट्टेच. पोरींना कोणी मुद्दाम वगळलं असंही नाही. शोधणार कसं? पोराचं नाव बारशापासून सातबाऱ्यापर्यंत तेच राहतं. पोरीचं नाव शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात एक, आधार कार्डावर दुसरं, आणि सासरच्यांना हौस असली तर लग्नात तांदळावर लिहिलेलं तिसरं. एवढ्या नावांच्या बाईला शोधणं पोलिसांनाही जड जाईल, तिथं आमचा ग्रुप ॲडमिन काय करणार? तो स्वतःच तीनदा ग्रुपमधून ‘लेफ्ट’ झालेला माणूस आहे.

ही अडचण दिघोरीपुरती नाही. चेन्नईच्या होली एंजल्स कॉन्व्हेंटच्या जुन्या हजेरीपटात इंद्रा नूयी शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही; तिथं असेल ती इंद्रा कृष्णमूर्ती. २००६ ते २०१८ अशी बारा वर्षं पेप्सिकोची गादी सांभाळणाऱ्या या बाईंनी २०१६ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या आपल्या जुन्या व्यवस्थापन शाळेला एवढं मोठं दान दिलं, की तिथल्या डीनच्या पदालाच त्यांचं नाव लागलं. नामांकित बिझनेस स्कूलच्या डीनपदाला असा निधी देणारी बाई तोपर्यंत कोणी झाली नव्हती. पद ‘इंद्रा के. नूयी’ या नावाचं. माहेर त्या मधल्या ‘के’ एवढं उरलं, तेही टिंबासकट. आणि रक्कम? ती जाहीरच केली नाही. आमच्याकडे हे चाललं नसतं. आकडा न सांगता दिलेल्या देणगीत काहीतरी काळंबेरं असणार, असं पारावर बसलेल्या कोणीही सांगितलं असतं.

पुण्याच्या थर्मॅक्सची गोष्ट याहून मजेची. ए. एस. भथेना यांनी बॉयलरची कंपनी काढली. जावई रोहिंटन आगा यांनी ती वाढवली. १९९६ साली ते गेले आणि त्यांच्या पत्नी अनु आगा, म्हणजे भथेनांचीच लेक, अध्यक्षपदावर आल्या. २००४ साली त्यांनी ती खुर्ची आपल्या लेकीला दिली. तिचं नाव मेहेर पुदुमजी. घराणं एक, बॉयलर तेच, आडनावं तीन. अनु आगा मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या विद्यार्थिनी. गरिबांच्या मुलांना चांगली शाळा मिळावी म्हणून त्यांनी पैसा आणि उमेद दोन्ही खर्ची घातली, २०१० साली पद्मश्री मिळाली. झेवियर्सच्या पाद्र्यांना आपली ही माजी विद्यार्थिनी सापडायला अडचण आली नसावी, कारण तोवर वर्तमानपत्रांनीच ती सापडवून दिली होती. पोस्टमास्तरांच्या धाकटीसाठी वर्तमानपत्र कोण छापणार? तिनंच फोन केला म्हणून ती सापडली. पोट्टे गावात राहिले म्हणून माजी विद्यार्थी ठरतात. पोरगी माजी विद्यार्थिनी आहे, हे शाळेला कळतं ते तिच्या खिशात हात गेल्यावर.

फोन आला तेव्हा मुख्याध्यापकांनी आधी हेच विचारलं, की पंखा छत्तीस इंची की अठ्ठेचाळीस?

“पंखा नाही सर. मुलींसाठी संडास-बाथरूम बांधून द्यायचंय. चार. पाण्याच्या सोयीसकट.”

सर क्षणभर काही बोलले नाहीत. शाळेत मुलींची वेगळी सोय नव्हती असं कोणी म्हणू नये. शिक्षण हक्क कायद्यात ती सांगितलेली आहे, कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, आणि २०१४ च्या १५ ऑगस्टला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून तीच गोष्ट पुन्हा बजावली होती. तेव्हा सोय होती. दार होतं तेव्हा पाणी नव्हतं आणि पाणी आलं तेव्हा दार कोणीतरी नेलं होतं, एवढंच. बाकी अहवालात दोन्ही होतं.

“आणखी एक,” ताई म्हणाली, “सत्कार वगैरे नको.”

सर मनातून खूश झाले. ‘सत्कार नको’ हे वाक्य आमच्याकडे सत्काराची पहिली पायरी समजली जाते. दुसऱ्याच दिवशी संस्थेची सभा लागली.

सभेत देणगीवर चर्चा पाच मिनिटं झाली आणि पाटीवर अडीच तास. बांधकाम मंजूर, पण त्यावर लिहायचं काय? रिवाजाप्रमाणे ‘वडिलांच्या स्मरणार्थ’ लिहावं, असं एकानं सुचवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मग सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं, की पाटी संडासावर लागायची आहे. पोस्टमास्तर गावात देवमाणूस म्हणून ओळखले जात. त्यांचं नाव तिथं लावायचं? बरं, आईच्या नावानं लावावं? एक सर शिकलेले होते, ते उठून म्हणाले, आईच्या नावाला फार मोठी परंपरा आहे. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी त्याला पंधरा लाख रुपये दिले आणि आईचं नाव दिलं. ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ आजही मुंबईत उभं आहे. अध्यक्षांनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ते विद्यापीठ होतं ना जी सर?” सर खाली बसले.

यातून एक नवाच पेच निघाला. पंखा, कपाट, टाकी, सभागृह यांच्या निमित्तानं ज्यांचं स्मरण करायचं असे कैलासवासी गावात रांगेनं उभे आहेत. पण ज्या खोलीवाचून पोरींची शाळा सुटते, तिच्यासाठी एकही कैलासवासी मिळेना. कोणीतरी दबक्या आवाजात एका जुन्या सावकाराचं नाव घेतलं. पण त्यांचा नातू सभेलाच बसला होता.

शेवटी ठरलं, की स्मरण राहू द्या, सरळ देणारीचं नाव लिहा. बाबूंनी रजिस्टर उघडलं. त्यात तिचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. बँकेच्या चेकवर तिचं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. दोन्ही एकच बाई आहे याला पुरावा काय, असं बाबूंनी विचारलं. अध्यक्ष म्हणाले, “सौभाग्यवती अमुक अमुक, असं लिहून टाका.”

“लिहिलं असतं साहेब, पण रजिस्टरात सौभाग्यवतीचा कॉलमच नाही. ती बाई इथं शिकलीच नाही. इथं शिकली ती पोस्टमास्तरची पोरगी.”

तडजोड म्हणून दोन्ही आडनावं घ्यायचं ठरलं. तेवढ्यात एका शिक्षिकेनं आठवण दिली, की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारनं वडिलांच्या आधी आईचं नाव सक्तीचं केलं आहे. ताईचा जन्म त्याच्या अर्धं शतक आधीचा. तरी शासन निर्णयाचा मान राखावा, असं सरांना वाटलं. म्हणजे स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव, मग ‘हल्ली’, मग सौभाग्यवती, मग नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. पेंटर अक्षराच्या हिशेबानं पैसे घेतो. त्यानं मापं घेतली आणि सांगितलं, की एवढं नाव मावायचं तर चाराऐवजी सहा संडास बांधावे लागतील.

मधल्या काळात ताईनं देणगीची पावती मागितली, ८०जी कलमाखाली करात सूट मिळायची ती. बाबूंच्या तीस वर्षांच्या नोकरीत अशी पावती कोणी मागितली नव्हती. पंखेवाल्यांना ती मिळालीही नसती, कारण वस्तूच्या रूपानं दिलेल्या देणगीला ही सूट नाही, आणि रोख दिली तर दोन हजारांच्या पुढे नाही. पंखेवाल्यांना सूट नकोच होती, पातं हवं होतं. ताईनं चेक दिला होता आणि तिला पातं नको होतं. असा देणगीदार संस्थेनं पाहिलाच नव्हता.

याच सुमारास नागपूरच्या मिशनच्या शाळेचं पत्र ताईला आलं. तिथल्या वसतिगृहातल्या मुलींच्या फीसाठी ती बरीच वर्षं गुपचूप पैसे पाठवत होती, आणि सिस्टर लोकांनी तिला एका सकाळी बोलावलं होतं. आमच्या अध्यक्षांनी ठरवलं, की कॅथलिक लोक सत्कार कसा करतात ते पाहून यावं. अध्यक्ष, मुख्याध्यापक आणि वर्गबंधू म्हणून मी, असा आमचा अभ्यास दौरा निघाला.

कॉन्व्हेंट आम्हाला नवी नाहीत. आमच्या भागात गणपती, साईबाबा, गाडगेबाबा या सगळ्यांच्या नावाची कॉन्व्हेंट आहेत. टाय असला, बूट असले आणि पोरगं ‘बा बा ब्लॅक शीप’ म्हणालं की झाली कॉन्व्हेंट. पण सिस्टर असलेली कॉन्व्हेंट अध्यक्षांनी पहिल्यांदाच पाहिली. कार्यक्रमाची वेळ साडेनऊची. आम्ही ती आमच्या पद्धतीनं समजून घेऊन सव्वाअकराला पोचायचं ठरवलं होतं. रस्ता मोकळा मिळाला म्हणून घात होऊन पावणेदहालाच पोचलो. तोवर प्रार्थना होऊन गेली होती, मुलींचं गाणं निम्म्यावर आलं होतं.

मंचावर खुर्च्या चार. अध्यक्षांनी त्या पुन्हा पुन्हा मोजल्या. संस्थेचा पदाधिकारी दिसल्यावर कोणीतरी पाचवी खुर्ची आणील म्हणून ते बराच वेळ उभे राहिले, आणि शेवटी सातवीच्या मुलींच्या रांगेच्या टोकाला बाकावर बसले. त्या मुली त्यांच्याकडे पाहून गोड हसल्या. ते हसले नाहीत.

मग ऐंशी ओलांडलेल्या एका सिस्टरना चाकाच्या खुर्चीतून आणलं. त्यांनी ताईला जवळ बोलावलं, चष्मा सारखा केला आणि रोल नंबर सांगितला. नाव नाही, आधी रोल नंबर, मग माहेरचं आडनाव, मग “तुझं भूमितीचं वही अजून यायचं आहे.” चाळीस वर्षांत त्या बाईंचं मराठी सुधारलं नव्हतं आणि स्मरणशक्ती बिघडली नव्हती. गंमत अशी, की सिस्टर होताना या बायाही आपलं घरचं नाव मागे ठेवून येतात. पण मुलींची नावं त्यांच्याकडे ज्या पानावर होती त्याच पानावर होती.

ताईला मुलींनी हातानं केलेलं एक कार्ड आणि कुंडीतलं एक रोप दिलं. ती दोनच मिनिटं बोलली. म्हणाली, “या शाळेला माझी पहिली देणगी मी आठवीत दिली. मराठी बोलल्याचा दंड, चार आणे. त्या वर्षी मी फार उदार होते.” सगळ्यात मोठ्यानं त्या ऐंशीच्या सिस्टर हसल्या; दंड त्यांनीच घेतला असणार. मग केकचा तुकडा, वेफर, चहा, आणि सव्वादहाला पोरी वर्गात. परतताना अध्यक्ष उमरेड येईपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, “हा सत्कार होता का मधली सुट्टी?”

दिघोरीचा सत्कार जानेवारीत झाला. धान निघालेलं, हात मोकळे. वेळ पत्रिकेत सकाळी अकराची. पत्रिकेवर संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचे गोल फोटो, मध्ये प्रमुख पाहुणे, खाली ‘विनीत’ म्हणून गावातले उरलेले सगळे. ताईचा फोटो जागेअभावी मागच्या पानावर. बिछायत केंद्रवाल्यानं मंचासाठी एकवीस खुर्च्या दिल्या होत्या, त्यातली एक ताईसाठी राखून ठेवली होती. त्या खुर्चीवर नंतर एक माजी सभापती बसले.

अकराला विद्यार्थी उन्हात बसले. एकला लेझीम झाली. दीडला पुन्हा लेझीम झाली, कारण गाडी दिसल्याचा निरोप आला होता. ती गॅस सिलिंडरची निघाली. पाहुण्यांचा दोष नव्हता. कोर्टाच्या बंदीनं मधली वर्षं बंद असलेल्या शंकरपटांना डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि तेव्हापासून जानेवारीतला प्रत्येक पाहुणा एका पटावरून दुसऱ्या पटाकडे पळत असतो. ज्या जोडीला झेंडी दाखवायची ती बैलजोडीही त्याच्यापेक्षा कमी धावते. सव्वादोनला पाहुणे आले. लेझीम तिसऱ्यांदा झाली, तेव्हा पोरांचे हात आपोआप चालत होते.

मग सत्कार. आमच्याकडे सत्कारमूर्तीचा सत्कार सगळ्यात शेवटी असतो, कारण तिच्या निमित्तानं बाकीच्यांचे उरकून घ्यायचे असतात. प्रमुख पाहुणे झाले, विशेष अतिथी झाले, अध्यक्ष झाले, माजी अध्यक्ष, जागा देणाऱ्याचे नातू, रेती देणारे, रेती आणणारे, पेंटर. बाबू दर सत्काराआधी यादीवर नजर टाकून शाली मोजत होते. पेंटरपर्यंत शाली पुरल्या. मग पाहुण्यांच्या मांडीवरची एक हळूच उचलून पुन्हा घडी घालून आणली गेली. नारळ मात्र ज्यानं त्यानं घट्ट धरून ठेवले होते.

भाषणांत स्त्रीचं महत्त्व जिजाऊपासून सांगायला सुरुवात झाली. निवेदक रात्रीच्या नाटकात खलनायक होता. त्यानं ‘त्यागमूर्ती’ हा शब्द असा उच्चारला की पुढच्या रांगेतलं एक पोर रडायला लागलं. एका वक्त्यानं ताईच्या यशामागे तिच्या पतीचा हात असल्याचं सांगितलं. ते गृहस्थ पुण्यालाच होते, त्यांना रजा मिळाली नव्हती. साउंडवाला मागून घड्याळ दाखवत होता. तेच भोंगे संध्याकाळी नाटकाच्या मंडपात बांधायचे होते.

मग उद्घाटन. शाळेच्या इतिहासात प्रथमच फीत अशा दारावर होती, की ज्याच्या आत उद्घाटकाला जाता येत नव्हतं. पाहुणे कात्री घेऊन पुढे झाले, फीत कापली, टाळ्या झाल्या, आणि रिवाजाप्रमाणे ‘वास्तूची पाहणी’ करण्यासाठी त्यांनी पाऊल उचललं. मागून बाबूंनी हलकेच कान गाठला. पाऊल हवेतच राहिलं. “बांधकाम उत्तम आहे,” पाहुणे बाहेरूनच म्हणाले, आणि पुढच्या पटाकडे रवाना झाले. सगळी गर्दी गाडीमागे गेली, तेव्हा आठवीतल्या दोन पोरींनी धावत आत जाऊन, नळ सोडून, पाहणी पूर्ण केली.

पाटीवर काय होतं? ताईनं आदल्या आठवड्यात पेंटरलाच फोन करून मजकूर सांगितला होता. तिचं नाव, माहेरचं आडनाव, इयत्ता सातवी. बस. ‘स्मरणार्थ’ नाही, ‘सौ.’ नाही, पुण्याचा हुद्दा नाही. अध्यक्ष नाराज झाले. सातवीतल्या पोरीनं एवढे पैसे कुठून आणले, असं उद्या ऑडिटर विचारेल म्हणाले.

ताईला बोलायला मिळालं तेव्हा सव्वापाच झाले होते. ती म्हणाली, “ज्या पोरीला या खोलीची गरज होती, तिचंच नाव लिहिलं. पुढे मला बऱ्याच ठिकाणी बरीच नावं मिळाली. तिथं सगळीकडे सोय होती.” आमच्या वेळी मधल्या सुट्टीनंतर मुलींचे बाक अर्धे रिकामे पडायचे. पोरींना शिकायची गोडी नाही, असं गुरुजी म्हणायचे. रोज दुपारीच गोडी कशी जाते, हे कोणी विचारलं नव्हतं.

मंडपातले पुरुष पांगले आणि खरा सत्कार त्यानंतर झाला. इतका वेळ मागे सतरंजीवर बसलेल्या म्हाताऱ्या बाया पुढे आल्या.

“कोनाची होस वं बाई तू?”

“पोस्टमास्तरची लहानी.”

“अवं माय! तोंड मायचंच आहे.”

इथं ओळखपत्र संपलं. आधार नाही, रजिस्टर नाही, दोन आडनावांचा पुरावा नाही. जे संस्थेला अडीच तासांत जमलं नव्हतं, ते म्हातारीनं तोंड पाहून एका वाक्यात निकालात काढलं. आणि मग एक वेगळीच काळजी सुरू झाली. लेकीच्या घरचं पाणीही पिऊ नये, अशी आमच्याकडची जुनी रीत. लेकीला द्यायचं, तिच्याकडून घ्यायचं नाही. आणि हिनं तर अख्ख्या गावाला चार संडास दिले! गाव लेकीच्या कर्जात बुडालं, असा अर्थ त्या बायांनी काढला आणि फेडीला सुरुवात केली. ओटी भरली, चोळीचं कापड दिलं, बांगड्या भरल्या. कोणी पायलीभर तांदूळ आणले, कोणी लाखोरीची डाळ, कोणी भुईमुगाच्या शेंगा. एकीनं जिवंत कोंबडी आणली, ती मोठ्या मिनतवारीनं परत पाठवली. संध्याकाळी ताईची गाडी मागच्या टायरांवर बसली होती. बाबूंनी सवयीनं हिशेब मांडला, आणि या वस्तूंना पावती कोणत्या कलमाखाली द्यायची म्हणून विचारलं. कोणी उत्तर दिलं नाही. ८०जीत माहेर बसत नाही.

या सगळ्याचा एक चांगला परिणाम झाला. संस्थेच्या लक्षात आलं, की रजिस्टरात निम्मी नावं पोरींची आहेत आणि त्यातली एकही पंख्यावर नाही. म्हणजे एवढी मोठी खाण इतकी वर्षं न खणता राहिली. अध्यक्षांचा हेतू शुद्ध होता असं मी म्हणणार नाही, पण काम चांगलं निघालं. बाबूंनी जुनी रजिस्टरं काढली आणि दर पोरीच्या नावासमोर पेन्सिलनं सासर लिहायला घेतलं. माहिती कुठल्याही कार्यालयात मिळण्यासारखी नव्हती. ती हातपंपावर मिळाली. कोण तुमसरला, कोण गोंदियाला, कोण पार रायपूरला, कोणाला नातू झाला, कोणाचं नवऱ्याशी पटलं नाही, सगळं. महिनाभरात शाळेला एवढ्या माजी विद्यार्थिनी सापडल्या, की पोट्ट्यांच्या ग्रुपचा ॲडमिन घाबरून चौथ्यांदा ‘लेफ्ट’ झाला.

मग बाबूंनी एकेकीला फोन लावायला सुरुवात केली. पहिला लागला वडशाला. ती आमच्याच वर्गातली, दुसऱ्यांच्या बांधीत रोवणीला जाते. शाळेतून फोन आहे म्हटल्यावर आधी ती घाबरली. पोराचं काही झालं असं वाटलं. मग सगळं ऐकून घेतलं, पाचशे एक देते म्हणाली, पावती माहेरच्या नावानं फाडायला सांगितली. बाबूंनी आभार मानले आणि फोन ठेवणार, तेवढ्यात ती म्हणाली, “सत्कार-फित्कार काही नको जी मले. पण ठेवसान त रोवनीत नका ठेवजा. अन् तारीख आधी कळवजा, मले हजरी बुडवता येत नाही.”